अवजारांच्या दांड्यांसाठी घरगुती निर्वात पंप

मृग नक्षत्राचा पाऊस जवळ आला म्हणजे शिराळा तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरी कुदळ, फावडे, टिकाव व कुऱ्हाड ही अवजारे अडगळीतून बाहेर निघतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात सुकलेला दांडा लोखंडाच्या नेढ्यात खिळखिळा झालेला असतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच उपाय योजण्यात येतो. अवजार रात्रभर हौदात बुडवून ठेवावयाचे व सकाळी कामास लागावयाचे. लाकूड फुगते, दांडा घट्ट बसतो व शेतकरी निर्धास्त होतो. परंतु दोन-चार दिवसांचे ऊन लागताच तोच दांडा पूर्वीपेक्षाही अधिक सैल होतो, असा सर्वांचा अनुभव आहे.

ही केवळ गैरसोयीची बाब नव्हे. तालुक्यातील एका गावी बांध घालण्याचे काम चालू असता, अशाच रीतीने भिजवून घट्ट केलेली कुदळ दांड्यातून निसटली व समोर माती ओढणाऱ्या एका बाईच्या नडगीवर बसली. जखम भरून येण्यास दोन महिने लागले आणि भातलावणीचा संपूर्ण हंगाम तिला घरी बसून काढावा लागला. ज्या घराचा हंगामातील रोख पैसा मजुरीवर अवलंबून असतो, त्या घरास सैल दांड्याची ही किंमत फार मोठी होय. म्हणून दांडा सैल का होतो व तो तसा होऊ नये यासाठी घरच्या घरी काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लाकूड का फुगते व का आकसते

लाकूड म्हणजे अतिशय बारीक, लांबट नळ्यांचे एक जुडगे आहे असे समजावे. या नळ्यांच्या भिंती पाणी शोषून घेतात. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे 28 ते 30 टक्के पाणी शोषले जाईपर्यंत भिंती फुगत जातात. त्यापुढील पाणी नळ्यांच्या पोकळीत साठते व त्यामुळे लाकूड जड होते, परंतु अधिक फुगत नाही. वाळताना याच्या उलट क्रम घडतो. ही वाढ-घट लाकडाच्या लांबीत जवळजवळ होत नाही. ती आडव्या अंगाने, म्हणजे दांड्याच्या जाडीत होते. नेढ्यात दांडा पकडला जातो तो जाडीनेच. म्हणूनच पाण्याचा परिणाम प्रथम नेढ्यात दिसतो.

आता भिजविलेल्या दांड्याचे काय होते ते पाहू. लाकूड फुगू पाहते, परंतु भोवतीचे लोखंडी कडे तसूभरही सरकत नाही. परिणामी लाकडाच्या नळ्या आतल्या आत चेपल्या जातात. पुढे ऊन लागले म्हणजे लाकूड आकसू लागते, आणि ते आकसते ते या चेपलेल्या आकारापासून. म्हणजे प्रत्येक वेळी भिजविल्यानंतर वाळलेला दांडा आधीपेक्षा थोडा बारीक होतो. आज जो उपाय वाटतो तोच उद्याच्या अपघाताचे कारण ठरतो.

शिराळा तालुक्यात ही अडचण अधिक जाणवते. तालुक्याच्या पश्चिमेस, चांदोलीकडे, पावसाळ्यात मुसळधार वृष्टी होते व पूर्वेकडे येऊ लागले म्हणजे पावसाचे मान कमी होत जाते. चार महिने चिखलपाण्यात राबणारे अवजार पुढे आठ महिने कोरड्या हवेत राहते. दांड्याला या दोन्ही टोकांना तोंड द्यावे लागते.

उपाय कोणता

लाकडाच्या नळ्यांत पाण्याऐवजी दुसरा एखादा पदार्थ भरून ठेवला व तो आत घट्ट झाला, तर पाण्याचा शिरकाव मंदावतो. पावसाची एक सर व उन्हाची एक तिरीप यांसरशी दांड्याचे माप बदलत नाही. यालाच लाकूड स्थिर करणे असे म्हणतात. शेतकऱ्यास परवडणारा व निर्धोक असा पदार्थ म्हणजे जवसाचे तेल. ते हवेतील प्राणवायूच्या संयोगाने हळूहळू घट्ट होते. भुईमुगाचे तेल लाकडात तसे घट्ट होत नाही. गोडेतेल लावलेला दांडा चिकट राहतो, त्याचे कारण हेच होय.

तेल नुसते फडक्याने चोळले तर ते वरच्या पातळ थरातच राहते. दांडा तेलात बुडवून ठेवला तरी फारसा फरक पडत नाही, कारण नळ्यांत आधीच हवा भरलेली असते. तांब्या उपडा करून पाण्यात दाबला तर आतील हवेमुळे पाणी वर चढत नाही, त्याप्रमाणेच हे आहे. तेल आत जावे असे वाटत असेल तर प्रथम हवा बाहेर काढली पाहिजे. हे काम निर्वात पंप करतो.

ही कल्पना नवीन नाही. हवा उपसून काढणारा पहिला पंप जर्मनीतील मॅग्डेबुर्ग येथील ओटो फॉन गेरिके याने 1650 च्या सुमारास तयार केला. इंग्लंडमध्ये जॉन बेथेल याने 1838 साली, बंद टाकीत लाकूड ठेवून आधी हवा काढावयाची व मग दाबाखाली क्रिओसोट तेल भरावयाचे, या पद्धतीचे एकस्व घेतले. रेल्वेचे लाकडी स्लीपर टिकाऊ करण्याचा धंदा याच पद्धतीवर उभा राहिला. आपल्या देशात डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेशम यांनी 1933 साली तांबे, क्रोमियम व सोमल यांच्या संयुगांचे लाकूडरक्षक मिश्रण शोधून काढले. ते पुढे आस्कू या नावाने प्रसिद्ध झाले व खांबांसाठी जगभर वापरण्यात आले. क्रिओसोट व सोमलयुक्त मिश्रणे विषारी आहेत. हातात धरावयाच्या दांड्यास ती कदापि वापरू नयेत. आपणास या पद्धतीतील तत्त्व तेवढे घ्यावयाचे आहे.

पंप ओढतो, ढकलते ती हवा

पंपाची रचना पाहण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घेतली पाहिजे. पंप लाकडात तेल भरीत नाही. तो फक्त हवा काढतो. तेल आत ढकलण्याचे काम आपल्या सभोवतालची हवा करते, आणि तेही पंप थांबवून तोटी उघडल्यानंतर.

समुद्रसपाटीवर हवेचा दाब 760 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. उंचीबरोबर तो कमी होत जातो. सांगली शहर समुद्रसपाटीपासून 549 मीटर उंचीवर आहे. या उंचीच्या भागात हवेचा दाब सुमारे 710 मिलिमीटर भरतो. त्यामुळे आपल्याकडे कितीही उत्तम पंप असला तरी निर्वात-मापकाचा काटा 760 वर कधीच जाणार नाही. काटा 710 च्या आत थांबला म्हणून पंपात दोष आहे असे समजू नये.

काटा 600 वर आला असे समजू. याचा अर्थ 710 पैकी 600 भाग हवा निघून गेली व 110 भाग, म्हणजे सुमारे 15 टक्के, शिल्लक राहिली. आता तोटी उघडली की बाहेरची हवा पात्रात शिरून तेलाच्या पृष्ठभागावर दाब देते. लाकडातील उरलेली हवा दबून पूर्वीच्या सुमारे 15 टक्के जागेत मावते आणि तेल जेथवर पोहोचू शकते त्या पोकळ्यांचा उरलेला 85 टक्के भाग तेलाने व्यापला जातो.

प्रस्तुत लेखकाने पहिल्या प्रयोगात येथेच चूक केली होती. काटा तासभर 600 वर ठेवला, बुडबुडे थांबले, तोटी उघडली आणि दांडा लगेच बाहेर काढला. वरून तो तेलाने निथळत होता. मध्ये कापून पाहिले तेव्हा आतील लाकूड कोरडे ठणठणीत होते. तेल आत शिरण्याच्या क्षणीच दांडा तेलाबाहेर आल्यामुळे तेलाऐवजी पुन्हा हवाच आत शिरली होती. ही चूक वाचकांनी करू नये.

पंपासाठी लागणारे साहित्य

1. पायाने दाबून धरावयाचा, उभा, लोखंडी नळकांड्याचा सायकलचा जुना पंप. नळकांडे आतून गुळगुळीत व न पोचलेले असावे.
2. पंपाची नवी चामडी वाटी, म्हणजे दट्ट्यावरील वाटीच्या आकाराचे वॉशर.
3. नळकांड्याच्या तळात घट्ट बसेल अशी पितळी किंवा लोखंडी चकती, मधोमध 4 मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडलेली, व तिच्याखाली नळी जोडण्यासाठी निपल. हे काम कोणत्याही लेथवर करून मिळते.
4. सायकलच्या ट्यूबचा एक चांगला तुकडा व एक बारीक स्क्रू.
5. आतून धाग्याचे विणकाम असलेली जाड नळी, सुमारे दीड मीटर. साधी मऊ नळी चालत नाही. हवा निघताच ती चपटी होऊन मार्ग बंद होतो.
6. बाजारात व्हॅक्यूम गेज या नावाने मिळणारे निर्वात-मापक, दोन तोट्या व टेफ्लॉनची पट्टी.

पंपाची रचना

सायकलच्या पंपात चामडी वाटीचे तोंड खाली, म्हणजे हवा बाहेर जाण्याच्या बाजूस असते. दट्ट्या खाली दाबला की वाटीच्या कडा पसरून नळकांड्यास चिकटतात व हवा पुढे ढकलली जाते. दट्ट्या वर ओढला की कडा आत झुकतात व वरची हवा खाली येते. आपणास याच्या नेमके उलट काम हवे आहे. म्हणून दट्ट्याचा नट सोडून चामडी वाटी उलटी, तोंड मुठीकडे करून बसवावी. बसविण्यापूर्वी ती एरंडेल तेलात रात्रभर भिजवावी म्हणजे मऊ राहते.

यानंतर पंपाच्या तळातील जुनी झडप काढून टाकावी. ती हवा पंपातून बाहेर जाऊ देते व परत येऊ देत नाही. आपणास हवा पात्रातून पंपात येऊ देणारी व परत जाऊ न देणारी झडप हवी. त्यासाठी वर सांगितलेली चकती तळात बसवावी व तिच्या छिद्रावर, नळकांड्याच्या आतील बाजूने, ट्यूबचा तुकडा पडदीप्रमाणे ठेवून एका कडेस स्क्रूने पक्का करावा. दुसरी कड मोकळी राहिली पाहिजे. हीच आपली झडप.

मूठ वर ओढली की वाटीच्या कडा नळकांड्यास चिकटतात, खाली पोकळी होते, पात्रातील हवा पडदी उचलून आत येते. मूठ खाली दाबली की पडदी छिद्रावर बसते, हवेस मागे जाण्यास वाट राहत नाही, आणि ती वाटीच्या कडेने वर निसटून दांड्याभोवतालच्या फटीतून बाहेर पडते. ही वरची फट कधीही बुजवू नये.

दट्ट्या खाली पूर्ण टेकला असता तो व तळाची चकती यांमध्ये जितकी जागा उरेल तितका पंप कमजोर. या जागेतील हवा बाहेर न जाता दर वेळी पुन्हा पसरते. नळकांड्याच्या मापाच्या विसाव्या हिश्श्याइतकी जागा उरली तर पात्रातील दाब मूळ दाबाच्या विसाव्या हिश्श्याखाली, म्हणजे 35 मिलिमीटरखाली, कितीही कष्ट केले तरी जाणार नाही. म्हणून दट्ट्याचा नट बुटका घ्यावा व चकती शक्य तितकी वर बसवावी.

नळकांड्याचा आतील व्यास साडेतीन सेंटिमीटर व दट्ट्याची धाव 42 सेंटिमीटर असल्यास एका फेरीत सुमारे 400 घन सेंटिमीटर हवा निघते. शेवटच्या फेऱ्यांत मूठ ओढण्यास सव्वानऊ किलोग्रॅमपर्यंत जोर लागतो. हा जोर सर्वसाधारण माणसास सहज पेलतो. याहून जाड नळकांडे घेतल्यास फेऱ्या कमी होतील, परंतु ओढणे कठीण जाईल.

पात्र

दांडे उभे राहावेत यासाठी 10 सेंटिमीटर आतील व्यासाचा व 120 सेंटिमीटर लांबीचा लोखंडी पाइप घ्यावा. त्याचे खालचे तोंड जाड पत्रा वेल्ड करून बंद करावे. वरच्या तोंडास सपाट कडे वेल्ड करून ते लेथवर सरळ करून घ्यावे. झाकण 6 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे असावे व कडे आणि झाकण यांमध्ये 3 मिलिमीटर रबराची चकती असावी. झाकणास बोल्टची गरज नाही. हवाच त्यास दाबून धरते. झाकणावर मापक, पंपाकडे जाणारी तोटी व हवा आत सोडण्याची तोटी अशी तीन छिद्रे असतात. बुडबुडे पाहण्याची इच्छा असल्यास लोखंडाऐवजी 20 मिलिमीटर जाडीची पारदर्शक ॲक्रिलिकची चकती वापरता येईल.

पात्र व पंप यांच्यामध्ये पाइपच्या लहान तुकड्याचा एक बंद डबा जोडावा. उसळलेले तेल त्यात पडते व पंपाच्या झडपेत जात नाही.

काचेच्या बरण्या, प्लास्टिकचे डबे व पत्र्याचे तेलाचे डबे पात्र म्हणून मुळीच वापरू नयेत. हवा दिसत नाही म्हणून तिचे वजन आपणास उमगत नाही. 20 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर संपूर्ण पोकळीच्या वेळी सुमारे 300 किलोग्रॅम भार पडतो. ज्वारीची तीन पोती काचेच्या झाकणावर रचण्याचे धाडस कोणी करणार नाही. पात्र आत दबून फुटले तर काचेचे तुकडे उडून डोळे जाण्याचा संभव असतो.

रिकाम्या पात्राची परीक्षा

तेल ओतण्यापूर्वी रिकाम्या पात्राची परीक्षा अवश्य घ्यावी. रिकामा पाइप मोठा असल्याने काटा 600 च्या आसपास आणण्यास हिशेबाने 50 फेऱ्या लागतात. प्रत्यक्षात दीडपट धरून चालावे. काटा वर गेल्यावर तोटी बंद करून अर्धा तास थांबावे. काटा 20 मिलिमीटरहून अधिक मागे आला तर कोठेतरी गळती आहे. सांध्यांवर साबणाचा दाट फेस लावल्यास फेस जेथे आत ओढला जातो ती जागा सापडते.

या परीक्षेचा पुढेही उपयोग होतो. तेलात दांडे असताना काटा मागे येऊ लागला व पात्र तर गळत नाही अशी खात्री असली, तर ती हवा लाकडातूनच येत आहे हे निश्चित होते.

लाकडाची निवड व वाळवण

पंपामुळे कच्चे लाकूड बळकट होते असा समज करून घेऊ नये. कुदळ, टिकाव व कुऱ्हाड यांस धामण किंवा बाभूळ यांसारखे चिवट लाकूडच पाहिजे. या लाकडांच्या गाभ्यात तेल आडव्या अंगाने फारसे शिरत नाही. परंतु दांड्याच्या कापलेल्या टोकाशी नळ्यांची तोंडे उघडी असतात, तेथून ते पुष्कळ आत जाते. नेढ्यात बसणारे तेच टोक असल्याने आपला हेतू साध्य होतो. विळे, खुरपी व पटाशी यांच्या लहान मुठींसाठी आंबा, सुबाभूळ किंवा सिल्व्हर ओक यांचे लाकूड चालते. त्यांत तेल आरपार जाऊ शकते.

दांडा तासून, नेढ्याचे टोक बेताचे करून, सर्व छिद्रे पाडून मगच तेलात घालावा. तेल पाजल्यानंतर मोठी तासणी केल्यास तेल मुरलेला थरच निघून जातो.

लाकूड पूर्ण वाळलेले असणे ही सर्वांत महत्त्वाची अट होय. ज्या नळ्यांत पाणी आहे त्यांत तेलास जागा नाही. शिवाय पोकळीत पाण्याची वाफ होत राहते व काटा वर चढत नाही. ओलाव्याची परीक्षा घरच्या ताजव्याने करता येते. त्याच लाकडाचा एक लहान तुकडा कापून तोलावा. तो 100 अंश सेंटिग्रेडच्या किंचित वर तापमान राहील अशा भट्टीत, वजन घटणे थांबेपर्यंत वाळवावा व पुन्हा तोलावा. समजा, आधी 56 ग्रॅम व नंतर 50 ग्रॅम भरला. घटलेले 6 ग्रॅम हे 50 चे 12 टक्के होतात. दांड्यांत ओलावा 12 टक्के किंवा त्याहून कमी असेल तर काम सुरू करावे. सावलीत हवेशीर रचलेले दांडे फाल्गुन-चैत्रापर्यंत चांगले वाळतात. म्हणून हे काम उन्हाळ्यात उरकणे इष्ट होय.

प्रत्यक्ष कृती

साडेतीन सेंटिमीटर जाडीचे व 85 सेंटिमीटर लांबीचे पाच दांडे वर वर्णिलेल्या पाइपात एका वेळी मावतात. प्रत्येक दांडा आधी तोलून त्याचे वजन खडूने भिंतीवर लिहून ठेवावे. दांडे उभे ठेवून वर लोखंडाचा तुकडा ठेवावा, म्हणजे ते तरंगत नाहीत. तेल पात्रासह गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून 50 ते 60 अंशांपर्यंत कोमट करावे. कोमट तेल पातळ होऊन लवकर शिरते. तेल उघड्या जाळावर कधीही तापवू नये.

दांड्यांच्या वर 15 सेंटिमीटर राहील इतके तेल ओतावे. त्यास सुमारे पावणेचार लिटर तेल लागते. इतके वर तेल ठेवण्याचे कारण असे की, लाकूड तेल पिऊ लागले म्हणजे पातळी झपाट्याने खाली जाते व दांड्याची टोके उघडी पडली तर ती पुन्हा हवा घेतात.

आता पाइपातील बरीचशी जागा दांडे व तेल यांनी व्यापलेली असल्याने हवेस जेमतेम दोन लिटर जागा उरते. रिकाम्या पात्रास जेथे 50 फेऱ्या लागल्या, तेथे हिशेबाने 11 फेऱ्या पुरतात. काटा 600 च्या आसपास आला की थांबावे. लाकडातून हवा निघत राहील व काटा मागे येईल, तसतशा आणखी फेऱ्या द्याव्यात. पाऊण ते एक तासाने काटा स्थिर राहू लागतो.

मग पंपाकडील तोटी बंद करून हवेची तोटी अगदी हळूहळू उघडावी. काटा शून्यावर आल्यावर झाकण काढण्याची घाई करू नये. दांडे तसेच तेलात रात्रभर राहू द्यावेत. पातळी उतरली असल्यास तेल वाढवावे. सकाळी दांडे काढून, निथळून, कोरड्या फडक्याने पुसावेत व पुन्हा तोलावेत. समजा, 620 ग्रॅमचा दांडा 780 ग्रॅम भरला, तर 160 ग्रॅम तेल आत गेले. वजन जवळजवळ तेवढेच राहिले असेल तर लाकूड ओले होते, पोकळी अपुरी होती किंवा दांडा लवकर बाहेर काढला गेला, यांपैकी एक दोष घडला असे समजावे. ताजव्याइतका प्रामाणिक परीक्षक दुसरा नाही.

दांडे सावलीत, वारा खेळेल अशा जागी, एकमेकांस न लागतील असे तीन ते चार आठवडे ठेवावेत. बाहेरील तेल आधी व आतील नंतर घट्ट होते. पृष्ठभागाचा चिकटपणा पूर्ण गेल्याशिवाय दांडा नेढ्यात बसवू नये. बसविताना सुक्या, टणक लाकडाची पाचर मारावी. यानंतर मात्र दांडा पाण्यात भिजविण्याची जुनी सवय सोडून द्यावी.

दुसरे पंप

काही शेतकऱ्यांकडे दूध काढण्याचे यंत्र असते. त्यातही निर्वात पंपच असतो, परंतु तो साधारणतः 300 ते 375 मिलिमीटरपर्यंतच पोकळी करतो. आपल्या कामास ती अपुरी पडते. शिवाय दुधाच्या यंत्रात तेलाचे शिंतोडे व वास जाणे योग्य नाही. ते यंत्र या कामासाठी वापरू नये.

जुन्या रेफ्रिजरेटरचा कॉम्प्रेसर उलट कामी लावून, म्हणजे त्याच्या शोषण-नळीस पात्र जोडून, पुष्कळ चांगली पोकळी मिळते. गावातील सुतार किंवा कारागीर बारमाही काम करणार असेल तर तो उपयोगी पडतो. परंतु त्यातील वायू आपल्या हाताने नळी कापून सोडू नये. काही यंत्रांत तो ज्वालाग्राही असतो. जाणकार मेकॅनिककडून तो काढून घ्यावा. विजेच्या जोडणीस भू-तार असलीच पाहिजे व बाहेर पडणाऱ्या नळीतून उडणारे तेल डब्यात धरावे.

चाकूच्या नक्षीदार मुठी करणारे कारागीर जवसाच्या तेलाऐवजी उष्णतेने घट्ट होणारी मेथाक्रिलेटची राळ वापरतात. तिच्यासाठी लाकूड भट्टीत संपूर्ण कोरडे करावे लागते व नंतर 90 ते 100 अंशांवर तापवून राळ घट्ट करावी लागते. तिच्या वाफा अपायकारक असल्याने स्वयंपाकघरातील भट्टीत हे काम करू नये. शेतीच्या दांड्यास एवढ्या खर्चाची आवश्यकता नाही.

घ्यावयाची दक्षता

जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकणे अत्यंत धोक्याचे आहे. तेल घट्ट होताना उष्णता उत्पन्न होते. ढिगात ती कोंडून राहते व काडी न लावताही फडकी पेटतात. गंजीजवळ किंवा गोठ्यात असे घडल्यास सर्वनाश ओढवेल. म्हणून वापरलेली फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात टाकावीत. उरलेले तेल गाळून, काठोकाठ भरलेल्या बंद डब्यात ठेवल्यास पुढील वेळी उपयोगी पडते. किडीची औषधे ठेवलेला डबा त्यासाठी वापरू नये. पंप चालविताना मुलांना दूर ठेवावे व डोळ्यांस चष्मा लावावा.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेल लाकडाच्या पोकळ्यांत राहते, नळ्यांच्या भिंतींत फारसे जात नाही. त्यामुळे दांडा महिनाभर पाण्यात पडून राहिल्यास तोही फुगेल. त्याचे फुगणे व आकसणे मंद होते, बंद होत नाही. दर हंगामापूर्वी पाचर तपासण्याचे काम म्हणून चुकत नाही.

एका कुटुंबाने स्वतःपुरता हा पंप करावा असे नाही. पात्र व पंप एकदा तयार झाले की एका रात्री पाच दांडे निघतात. उन्हाळ्याच्या पंधरा रात्रींत पंचाहत्तर दांडे होतील व एका वाडीच्या अवजारांची सोय होईल. गावातील सुतार, लोहार व चार शेतकरी यांनी मिळून हे साहित्य जमविल्यास खर्च वाटला जाईल व जुना सायकल पंपही सत्कारणी लागेल. पहिल्या खेपेस एक जास्तीचा दांडा घालून तो मधोमध कापून पाहावा. तेल कोठवर पोहोचले हे डोळ्यांनी दिसले म्हणजे पुढील काम आत्मविश्वासाने करता येईल. मृगाच्या आधी दांडा पक्का झाला, तर आषाढात बांधावर कुदळ मारणारा व त्याच्यासमोर माती ओढणारी, दोघेही निश्चिंतपणे काम करतील.